पिंपाशेजारचं जेवण : प्राग ते बांबर्ग, सहा दिवस

ताई बिअर पीत नाही. मी पिते, आणि गेली काही वर्षं परदेशात कुठेही गेले की एक गोष्ट नेमाने करते. ज्या छपराखाली बिअर बनते त्याच छपराखाली एकदा तरी जेवते. ताजी बिअर हा मला जेवणाचाच एक पदार्थ वाटतो. ती लांब गेली, बाटलीत बसली, उन्हातान्हातून आली की तिची चव उतरते. अशा जागेला ब्रूपब म्हणतात. चांगल्या ब्रूपबमध्ये तिथल्या स्वयंपाक्याला आपली बिअर कशी लागते ते पक्कं ठाऊक असतं, आणि ताट त्या हिशेबाने वाढलेलं असतं.

यंदा सप्टेंबरात ताई बरोबर यायला तयार झाली. तिच्या अटी दोनच होत्या : रोज पोटभर शाकाहारी जेवण मिळालं पाहिजे (अंडं चालतं), आणि कोणी पेला पुढे करून आग्रह करायचा नाही. माझी अट एकच. रात्रीचं जेवण मी म्हणेन तिथे.

दिवस पहिला, मंगळवार : प्राग

दुपारी उतरलो, सामान टाकलं आणि संध्याकाळी चालतच ‘उ फ्लेकू’ गाठलं. क्रेमेंत्सोवा गल्लीत दारावर मोठं घड्याळ टांगलेलं आहे, तीच खूण. इथे १४९९ पासून बिअर बनते आहे. आत एकामागून एक दालनं, काळपट लाकडी भिंती आणि लांबच लांब बाकं. स्वतंत्र टेबल मिळत नाही, जिथे जागा असेल तिथे अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. ताई क्षणभर थबकली, मग पर्स मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला टेकली.

चेक बिअरघरांत ऑर्डर देण्याची पद्धत एकदा कळली की फार सोपी आहे. बसल्यावर समोर पुठ्ठ्याची चकती येते, तिच्यावर पेला येतो, आणि वेटर टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने एक रेघ मारतो. पेला संपत आला की न विचारता दुसरा येतो, दुसरी रेघ पडते. थांबायचं असेल तर चकती उचलून पेल्यावर ठेवायची. शेवटी रेघा मोजून हिशोब. मी हे ताईला आधीच सांगून ठेवलं होतं. वेटर आमच्या टेबलाशी पोचायच्या आतच तिने स्वतःची चकती उलटी करून हाताखाली धरली आणि लिमोनाडा मागितला. तो मान डोलावून गेला आणि लिमोनाडाच घेऊन आला.

इथली खासियत म्हणजे काळी लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवून मुरवलेली बिअर, १३ अंशांची. हे अंश अल्कोहोलचे नव्हेत. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, गरम पाण्यात भिजवून जो गोड रस काढतात, त्यात आंबवण्यापूर्वी किती अंश साखर आणि इतर विरघळलेले घटक आहेत ते या आकड्यावरून कळतं. १९व्या शतकात प्रागच्या कार्ल बॅलिंग या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजणी रूढ केली. १३ अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास असतं. रंग पाहून ती जड असेल असं वाटतं, पण तशी नाही. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव, मागे किंचित जळका गोडवा, आणि शेवट अगदी कोरडा.

मी गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, आणि क्नेडलिकी घेतली. क्नेडलिकी म्हणजे मैद्याच्या पिठाचा लांबट गोळा पाण्यात शिजवून कापलेल्या चकत्या. त्या सुरीने कापल्या तर दबतात, म्हणून घरोघरी दोऱ्याने कापतात. ताईने ब्राम्बोराकी मागवले. किसलेला बटाटा, लसूण आणि मार्जोरम घालून तव्यावर खरपूस केलेले घावन म्हणता येतील असे. तिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे न बघता ताट स्वतःकडे ओढलं. अकॉर्डियनवाला टेबलाटेबलांतून फिरत होता. शेजारच्या आजोबांनी पेला उंचावून ‘ना झ्द्राव्ही’ म्हटलं. असं म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. ताईने लिमोनाडाचा पेला उचलून व्यवस्थित डोळ्यांत बघितलं.

दिवस दुसरा, बुधवार : अजून प्रागच

दुपारच्या जेवणाबद्दल फार लिहीत नाही. जुन्या शहराच्या गजबजाटातल्या एका बिअर हॉलमध्ये शिरलो. न मागता पावाची टोपली आली, न मागता दारूचे दोन छोटे पेले आले, आणि आम्ही हात न लावलेल्या वस्तूंचे पैसेही बिलात आले. मी शांतपणे बोट ठेवून दाखवलं, ते कमी झाले. ताईला मात्र ते फार लागलं, कारण आग्रह नको ही तिची अट होती. टेबलावर मागितल्याशिवाय काही आलं तर ते परत न्यायला तिथल्या तिथे सांगावं, एवढंच मला त्या जेवणातून मिळालं.

संध्याकाळ त्याच्या अगदी उलट गेली. २२ नंबरच्या ट्रामने पोहोरझेलेत्स आणि तिथून चार पावलांवर स्त्राहोवचा मठ. हा प्रेमोन्स्ट्रेटेन्शियन पंथाचा मठ १२व्या शतकातला. पंथाचे संस्थापक संत नोर्बर्ट यांचे अवशेष १६२७ मध्ये इथे आणून ठेवले. आधी ग्रंथालय पाहिलं. छतभर चित्रं, भिंतभर पुस्तकं, आणि दालनात पाऊल न ठेवता दारातूनच बघायचं. ताई तिथून हलायलाच तयार नव्हती.

मठाच्या आवारातला आजचा ब्रूपब २००० सालचा आहे, आणि बिअरचं नाव ‘संत नोर्बर्ट’. तांब्याच्या मोठ्या कढया जेवणाच्या दालनातच आहेत. त्या दिवशी काहीतरी शिजत होतं आणि पूर्ण खोलीत वाफेचा वास कोंदला होता. ताई म्हणाली, “हा वास दारूचा नाहीये गं. हा भिजवलेल्या धान्याचा वास आहे.” बरोबर होतं तिचं. कढईत असताना बिअरमध्ये अल्कोहोलचा थेंबही नसतो. मोड आणून वाळवलेल्या जवाचा गोड रस हॉप्सबरोबर, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांबरोबर, उकळत असतो, इतकंच. अल्कोहोल नंतर येतं, यीस्ट त्या रसातली साखर खाऊ लागलं की.

मी तांबूस १३ अंशांची घेतली. तिच्यावर तीन बोटं फेस होता. चेक लोक या फेसाला बिअरचाच भाग मानतात. पेला आधी थंड पाण्याने विसळतात, तोटीचं तोंड पेल्यात बुडवून आधी दाट, ओला फेस भरतात आणि मग त्याच्या खालून बिअर. फेसाच्या झाकणाखाली बिअर हवेपासून वाचते, आणि तो फेस स्वतः सायीसारखा लागतो. फेस पाहून पेला कमी भरला म्हणून तक्रार करणारे पर्यटक दिसतात. त्यांनी एकदा नुसता फेसाचा घोट घेऊन पाहावा.

ताईसाठी नाक्लादानी हेर्मेलिन. कॅमेम्बर्टसारखं मऊ, पांढऱ्या सालीचं चीज आडवं कापून, मध्ये कांदा, लसूण आणि लाल मिरपूड भरून तेलात काही दिवस मुरवतात. काप केला की मधला भाग लोण्यासारखा ओघळतो. हा खास बिअरसोबतचा पदार्थ, पण ती तो नुसत्या पावाशी खात राहिली आणि शेवटी तळाचं तेलही पावाने पुसून घेतलं.

दिवस तिसरा, गुरुवार : पिल्सन

प्रागहून गाडीने दीड तास. शहर येण्याआधी चार किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा बोगदा लागतो, २०१८ मध्ये सुरू झालेला, चेक रेल्वेवरचा सर्वांत लांब.

पिल्सनला मी गेले ती गोष्टीसाठी. १८३८ मध्ये इथली बिअर इतकी बिघडली की लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी एकत्र येऊन स्वतःची नवी ब्रुअरी उभारली, जर्मनीतल्या बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा चढवला. इथलं मृदू पाणी, झाटेत्सचे सुगंधी हॉप्स आणि फिकट भाजलेलं माल्ट यांतून सोनेरी, नितळ बिअर निघाली. जगभर ‘पिल्सनर’ नावाने जे विकलं जातं त्याचं मूळ हे.

ही आता अवाढव्य कंपनी आहे, ब्रूपब नव्हे. तरी तळघरासाठी जावंच. खडकात खोदलेले बोगदे नऊ किलोमीटरचे आहेत, आत हुडहुडी भरते, स्वेटर हवाच. ओकच्या थोरल्या पिंपाची तोटी उघडून तिथेच पेला भरून देतात, न गाळलेली आणि न तापवलेली बिअर. किंचित धुरकट, पावाच्या वासाची, आणि बाटलीतल्यापेक्षा चवीला कितीतरी मऊ. मी तो पेला हळूहळू प्यायले. ताईने नुसता वास घेतला आणि म्हणाली, “कालच्यापेक्षा हिरवा आहे.” हॉप्सचा वास तिला नेमका सापडला होता.

रात्री थकलो होतो. स्माझेनी सीर, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं चीज, उकडलेले बटाटे, आणि झोप.

दिवस चौथा, शुक्रवार : विंडिश-एशेनबाख

या सगळ्या प्रवासाचं खरं कारण हे गाव.

पिल्सनहून सीमा ओलांडून श्वान्डॉर्फ, तिथे गाडी बदलून उत्तरेला वायडेनमार्गे. हा बव्हेरियाचा पूर्वेकडचा, फारसं कोणी न येणारा कोपरा, ओबरफाल्ट्स. या भागातल्या मोजक्या पाच गावांत ‘त्सॉइगल’ नावाची पद्धत अजून जिवंत आहे. गावाच्या मालकीचं एक सामायिक बिअरघर असतं. बिअर बनवण्याचा हक्क माणसाला नसून घराला चिकटलेला असतो. घर विकलं की हक्क त्याच्याबरोबर जातो. विंडिश-एशेनबाखला हा हक्क १४५५ पासून आहे, आणि शेजारच्या नॉयहाउसला १४१५ पासून. ज्याची पाळी असेल तो कढयांखाली लाकडं पेटवून रस उकळतो, रात्रभर उघड्या पसरट हौदात थंड करतो, आणि सकाळी टाकीत भरून स्वतःच्या घरी नेतो. आंबवणं आणि मुरवणं घरच्या तळघरात. बिअर तयार झाली की तीन-चार दिवस घराची बैठक लोकांसाठी उघडायची आणि दाराबाहेर चांदणी टांगायची. दोन त्रिकोणांची सहा टोकांची चांदणी. ‘त्सॉइगल’ हा शब्दच मुळात ‘खूण’ या अर्थाचा आहे. कोणाची पाळी कधी ते आधीच ठरतं, कॅलेंडर छापतात. आम्ही शुक्रवारी पोचायचं ठरवलं ते त्यासाठी.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला गल्लीत चांदणी दिसली. दार ढकललं तर थेट कोणाच्या तरी घरात आल्यासारखं. कोपऱ्यात हिरव्या फरशांची शेगडी, भिंतीवर कुटुंबाचे जुने फोटो, खिडकीत कुंड्या, आणि सगळी बाकं भरलेली. आम्ही दारातच उभ्या. मी घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “इस्ट हिअर नोख फ्राय?” इथे जागा आहे का? बाकावरच्या एका दणकट बाईंनी आमच्याकडे पाहिलं, शेजारच्या माणसाला कोपराने सरकवलं आणि बाकावर थाप मारली, “हॉक दि हेअ!” टेक इथे. ही तिथली बोली, पुस्तकी जर्मन नव्हे. ताईने विचारलं, “काय म्हणाल्या?” मी सांगितलं. तिने ते दोनदा पुटपुटून पाहिलं.

समोर बसलेल्या गृहस्थांच्या घराची पाळी आणखी तीन आठवड्यांनी होती. म्हणजे हे एका अर्थी प्रतिस्पर्धी, पण शेजाऱ्याची बिअर कशी झाली ते बघायला आले होते आणि मनापासून दाद देत होते. रस एकाच कढईतला, पाणी तेच, तरी प्रत्येक घराची बिअर वेगळी लागते असं त्यांनी सांगितलं. कारण तळघर वेगळं, त्याचा थंडावा वेगळा, किती दिवस मुरू द्यायची याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा. ही बिअर गाळत नाहीत, म्हणून थोडी गढूळ, मध्यम सोनेरी. वायू कमी, त्यामुळे पोटाला फुगवटा नाही. चव इतकी साधी की तिच्याबद्दल सांगताना शब्द अपुरे पडतात. ताजा पाव, थोडं कडू गवत, आणि पेला रिकामा.

जेवण म्हणजे ब्रोटत्साइट. लाकडी पाटावर घरचे थंड मांसाचे काप, खारवलेल्या काकड्या, मुळा आणि जाड सालीचा राय या धान्याचा पाव. हे माझं. ताईसाठी ओबात्स्दा : पिकलेलं कॅमेम्बर्ट लोण्याबरोबर कुस्करून, त्यात कांदा आणि पाप्रिका. यात काही जण बिअरचा शिडकावाही करतात हे मी वाचलं होतं, म्हणून घरच्या मालकिणीला विचारलं. त्या “नाही, आमच्यात नाही” म्हणाल्या, पण त्यांना उत्सुकता वाटली. या पीत नाहीत का? मी मान हलवली. मला वाटलं आता आग्रह होणार. त्या आत गेल्या आणि मूठभर काहीतरी घेऊन आल्या. ताईच्या तळहातावर त्यांनी माल्टचे दाणे ओतले.

ते दाणे मी जवळून पाहिले. जवाचेच, पण फुगलेले, फिकट सोनेरी, एका टोकाला मोड खुडल्याची बारीक खूण. ताईने एक दाणा दाताखाली धरला. कुरकुरीत फुटला, आणि मग चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. “गोड आहे! साखर घातलीय?” साखर नाही घातलेली. जवाला मोड येऊ लागला की दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठाची साखर करू शकतात. योग्य वेळी भट्टीत वाळवून मोड थांबवायचा, आणि नंतर गरम पाण्यात भिजवलं की ते काम पुढे सुरू होतं. मी हे समजावत होते तोवर ताईने निम्मे दाणे संपवले होते. उरलेले तिने रुमालात बांधले. मालकीणबाई ते बघून इतक्या खूश झाल्या की शेजारच्या टेबलावर जाऊन सांगून आल्या.

दोघींचं मिळून बिल १८ युरो. कार्ड चालत नाही, रोख ठेवावी लागते. दहा वाजता निघालो तेव्हा ताईला त्या बाकावरच्या पाचही जणांची नातवंडं किती हे माहीत झालं होतं. भाषा कुठली वापरली ते विचारू नका. मला आजही कळलेलं नाही.

दिवस पाचवा, शनिवार : तिथेच

सकाळी सामायिक बिअरघर बाहेरून पाहिलं. भिंतीला चिरलेली लाकडं रचून ठेवली होती. मग गावाबाहेरचा ८३ मीटर उंच मनोरा. पृथ्वीच्या कवचाचा अभ्यास करायला इथे ९,१०१ मीटर खोल विवर पाडलं, १९९४ मध्ये थांबवलं, कारण तळाशी तापमान २६० अंशांच्या वर गेलं होतं. दुपारी वाल्डनाब नदीच्या काठाने जंगलातून चाललो. संध्याकाळी पुन्हा तेच घर, तोच बाक. आमची जागा धरून ठेवली होती.

दिवस सहावा, रविवार : बांबर्ग

दोनदा गाडी बदलून बांबर्ग. जुनं शहर १९९३ पासून जागतिक वारसा आहे. नदीच्या मधोमध पुलावर उभं असलेलं नगरभवन, टेकडीवर कॅथेड्रल, आणि आल्प्सच्या उत्तरेला असलेली पोपची एकमेव कबर याच कॅथेड्रलमध्ये. हे सगळं भराभर पाहिलं, कारण मला धुराची बिअर प्यायची होती.

पूर्वी माल्ट विस्तवावरच वाळवत, त्यामुळे सगळ्याच बिअरला कमीजास्त धुराचा वास असे. पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि बहुतेक ठिकाणचा धूर गेला. बांबर्गच्या ‘श्लेन्केर्ला’ आणि ‘श्पेत्सियाल’ या दोन घरांनी मात्र बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर स्वतःचं माल्ट धुरावणं सोडलं नाही. ‘श्पेत्सियाल’ १५३६ पासूनचं. दुपारी तिथे प्यायले, धूर सौम्य, सुरुवात करायला उत्तम. संध्याकाळी ‘श्लेन्केर्ला’. या घराचा उल्लेख १४०५ चा आहे. इथे बिअर लाकडी पिंपातून, वायूच्या दाबाशिवाय, नुसती तोटी उघडून येते. रंग जवळजवळ काळा.

पहिल्या घोटाला धुरावलेल्या मांसाचा वास नाकात भरला आणि मी पेला खाली ठेवला. शेजारचे म्हणाले, घाई करू नका, इथे तीन पेल्यांनी चव कळते असं म्हणतात. मी दीडावर थांबले, पण अर्ध्या पेल्यानंतरच धूर मागे सरला आणि माल्टचा गोडवा पुढे आला. बरोबर बांबर्गचा भरला कांदा होता : आख्खा कांदा पोखरून, खिमा भरून भाजलेला, वरून याच बिअरचा सॉस. या शहराला भाजीमळेवाल्यांचा मोठा वारसा आहे, कांद्यासाठी ते प्रसिद्ध. त्या सॉससोबत बिअर प्यायल्यावर दोन्हींतला धूर एकमेकांत मिसळतो आणि कांद्याची गोडी वर येते. बिअर आधी आणि जेवण नंतर असं इथे करू नये, दोन्ही एकदमच हवं.

ताईने गेरुप्फ्टर घेतलं. वाटीत पाहून हसली, कारण तो ओबात्स्दाच होता, फ्रँकोनियातल्या, म्हणजे बांबर्गच्या या भागातल्या, नावाचा. मग तिने माझा पेला उचलला, नाकाशी धरला, रुमालातल्या दाण्यांचा वास घेतला, पुन्हा पेल्याचा. “धूर काढून टाकला की आत हेच आहे,” म्हणाली, आणि पेला माझ्यापुढे ठेवला.

आठ वाजता घर तुडुंब भरलं. पाठीवर मोठ्या बॅगा घेतलेली दोन तरुण मुलं दारात उभी राहून टेबलं न्याहाळत होती, सगळीकडे नकारार्थी माना. मी अजून कांद्यात गुंतले होते. ताईने स्वतःची पर्स मांडीवर घेतली, मला कोपराने भिंतीकडे सरकवलं, आणि बाकावर थाप मारून त्यांना हाक दिली, “हॉक दि हेअ!”